‘शेवट नोट्समध्ये होताच’

नागपूरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नये, अशी तिची विनंती आहे. पत्र बरेच लांब आहे. त्यातला मुख्य भाग तिच्याच शब्दांत असा आहे :

“मी मूळची भंडारा जिल्ह्यातली. शिक्षणासाठी खामल्याला आत्याकडे राहते. आत्याला वाचनाचा फार नाद आहे. वाचनालयातून ती दर आठवड्याला कादंबऱ्या आणते. त्या बहुतेक प्रेमाच्या, घरसंसाराच्या, मध्ये गैरसमज आणि शेवटी मनोमीलन अशा वळणाच्या असतात. शाळेत असताना सुटीत इथे आले की मे महिन्याच्या दुपारी कूलरसमोर बसून तीच पुस्तके आम्ही दोघी पाळीपाळीने वाचत असू, आणि हिवाळ्यात तुरीच्या शेंगा सोलता सोलता नायिकेने कोणाशी लग्न करायला हवे होते यावर तासन्‌तास बोलत असू. बी.ए.ला मी मराठी वाङ्मय हा विषय घेतला आणि सगळेच बदलले. आता ती पुस्तके मला चार पानांपलीकडे वाचवत नाहीत. पुढे काय होणार ते आधीच कळते. ‘याला साहित्य म्हणत नाहीत,’ असे मी एकदा आत्याला बोलूनही गेले. तिला चांगले वाचायची सवय लागावी म्हणून आमच्या अभ्यासक्रमातली ‘रणांगण’ मी कॉलेजच्या ग्रंथालयातून तिच्यासाठी घेऊन आले. (मी स्वतः ती वाचायला घेतली होती, पण परीक्षा जवळ आली आणि शेवट नोट्समध्ये होताच, त्यामुळे थोडी राहिली.) पुस्तक हातात घेऊन आत्याने विचारले, ‘तुला यातलं काय आवडलं?’ मी तिला सांगितले की मराठीतली ती पहिली खरी आधुनिक कादंबरी मानली जाते. दोन दिवसांनी तिने ते पुस्तक न वाचताच माझ्या टेबलावर ठेवून दिले. तेव्हापासून ती मला तिच्या पुस्तकांतले काहीही सांगत नाही. पूर्वीसारखे पुस्तकात बुडून जाणे मलाही जमत नाही, ना जुन्या पुस्तकांत, ना नव्या. साहित्याच्या अभ्यासाने माझा वाचनाचा आनंद कायमचा हिरावून घेतला आहे का? आणि आत्याला न दुखावता तिची आवड कशी बदलू?”

तुझ्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि एक कंस आहे. मला उत्तर द्यायचे आहे ते त्या कंसातल्या वाक्याला, कारण तुझे दोन्ही प्रश्न त्याच्याच पोटातून आलेले आहेत.

‘परीक्षा जवळ आली आणि शेवट नोट्समध्ये होताच,’ हे तू इतक्या सहजपणे लिहून गेली आहेस की वाचताना मला राग आला, आणि तो मी लपवणार नाही. साहित्याच्या विद्यार्थिनीने एखादी कादंबरी अर्धवट सोडावी, यात राग येण्यासारखे काही नाही; पुस्तके सोडून देण्याचा हक्क प्रत्येक वाचकाला आहे. परंतु जी तू स्वतः अर्धवट सोडलीस, तीच तू दुसऱ्या बाईच्या हातात तिची आवड सुधारावी म्हणून ठेवलीस, आणि ती श्रेष्ठ आहे असे तिला ठामपणे सांगितलेस. तुझे मार्क गेले नाहीत, उलट त्या प्रश्नाला तुला चांगलेच मिळाले असतील. गेले ते दुसरेच काही, आणि ते गेल्याचे तुला अजून कळलेलेही नाही.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ साली प्रसिद्ध झाली, म्हणजे दुसरे महायुद्ध सुरू झाले त्याच वर्षी. बेडेकरांचा जन्म अमरावतीचा, तेव्हा माणूस आपल्याच मुलखातला, आणि कादंबरी म्हणून त्यांनी लिहिले ते एवढे एकच पुस्तक. ते लहानसे आहे. सकाळचा चहा घेऊन बसलीस तर दिवेलागणीच्या आत संपेल. त्यामुळे परीक्षा जवळ आल्याची सबब मला पटत नाही. तू ती कादंबरी वेळेअभावी सोडलेली नाहीस. शेवट कळल्यावर आता वाचण्यासारखे काही उरले नाही, असे तुला वाटले म्हणून सोडलीस.

इथे जरा थांबून आपलेच पत्र पुन्हा वाच. आत्यांच्या कादंबऱ्या का वाचवत नाहीत, याचे तू दिलेले कारण असे आहे की पुढे काय होणार ते आधीच कळते. ‘रणांगण’ का राहिली, याचे कारण असे की शेवट आधीच कळला होता. दोन्ही कारणे एकच आहेत. ज्या आवडीला तू मागे टाकून आलीस असे तुला वाटते, ती गोष्टीच्या शेवटासाठी पाने उलटणारी आवड अजून तुझ्यात जशीच्या तशी आहे. फक्त आता तिला पाने उलटण्याचेही कष्ट पडत नाहीत, कारण शेवट कोणीतरी झेरॉक्स करून आणून देते. याउलट आत्यांना त्यांच्या प्रत्येक कादंबरीचा शेवट पहिल्या प्रकरणापासून ठाऊक असतो. त्या नायिकेचे लग्न कोणाशी होणार, हे त्यांना तुझ्याआधी कळत असेल. तरीही त्या शेवटच्या पानापर्यंत जातात, म्हणजे वाटेतले काहीतरी त्यांना हवे असते. तुम्हा दोघींपैकी वाचक म्हणून कोण पुढे गेली आहे, हे मला खरोखर सांगता येत नाही.

यावरून मी आत्यांच्या पुस्तकांची बाजू घेते आहे असे समजू नकोस. सगळी पुस्तके सारखीच आणि ज्याची त्याची आवड, हे मत मला मान्य नाही. सुमार पुस्तक सुमारच असते, मग ते वाचून कितीही लोकांच्या दुपारी चांगल्या गेल्या असल्या तरी. आवडत्या मुलाने लिहिलेली चिठ्ठी नेमकी सासूच्या हाती पडणे, गैरसमज दूर व्हायला अवघी दोन वाक्ये पुरेशी असताना दोघांनीही दीडशे पाने ती न बोलणे, आणि लेखकाला मार्ग सुचेनासा झाला की गाडीला अपघात होऊन सगळ्यांना दवाखान्यात एकत्र आणणे, या युक्त्या तुला दिसू लागल्या आहेत. हे शिक्षण आहे, आणि ते खरे आहे. एकदा दिसू लागलेली युक्ती पुन्हा न दिसणे आता शक्य नाही. त्याचे दुःख करू नकोस, आणि जुन्या पुस्तकांत पूर्वीसारखे बुडण्यासाठी धडपडूही नकोस.

मात्र या युक्त्या तुला दिसल्या त्या कशामुळे, याचा विचार कर. वर्गात तुला थोडी परिभाषा मिळाली असेल, पण तुझी नजर तयार झाली ती तशा कादंबऱ्या वर्षानुवर्षे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्यामुळे. कूलरसमोरच्या त्या दुपारी तुला चिठ्ठी चुकीच्या हाती पडल्याचे इतक्या वेळा दिसले की एके दिवशी त्या चिठ्ठीमागचा लेखकाचा हात दिसला. म्हणून आत्यांच्या पुस्तकांविषयीचे तुझे मत तुझे स्वतःचे आहे. ते तू बोलायला नको होतेस तसे बोललीस, ही गोष्ट वेगळी; पण ते कष्टाने मिळवलेले आहे. ‘रणांगण’विषयीचे तुझे मत मात्र दुसऱ्याचे आहे. ज्या पुस्तकांना तू कमी लेखतेस ती तू वाचलेली आहेस, आणि ज्यांचा गौरव करतेस ती वाचलेली नाहीस, अशी तुझी आजची अवस्था आहे. तुझी आवड अजून बदललेली नाही. जुनी आवड मोडली आहे आणि तिच्या जागी नवी आवड यायच्या आधीच मते येऊन बसली आहेत. आनंद मतांतून मिळत नाही, म्हणून तो तुला कुठेच सापडत नाही.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. साहित्याच्या अभ्यासाने तुझा आनंद हिरावून घेतलेला नाही, कारण साहित्याचा अभ्यास अजून तू सुरूच केलेला नाहीस. तुझ्या पत्रात मी मुद्दाम शोधले : अलीकडे शेवटपर्यंत वाचलेल्या एकाही पुस्तकाचे नाव त्यात नाही. जुनी पुस्तके चार पानांत सुटतात आणि नवी नोट्समुळे सुटतात. जी मुलगी पूर्वी आठवड्याला कादंबरी संपवत होती, ती आता काहीच वाचत नाही, आणि वाचनात आनंद का मिळत नाही असे विचारते आहे.

यात दोष तुझ्या एकटीचा नाही, हे मला ठाऊक आहे. कथानक, व्यक्तिचित्रण, निवेदनपद्धती, भाषाशैली आणि समारोप अशा ठरलेल्या खणांत उत्तर बसवले की मार्क मिळतात, आणि ते खण भरून देणारी गाईडे दुकानांत थप्प्यांनी मिळतात. मूळ पुस्तक न वाचलेल्याला सहज पार करता येईल अशी प्रश्नपत्रिका काढणे हा मी विद्यार्थ्यांशी केलेला अन्याय समजते. परंतु ही सबब मी तुला वापरू देणार नाही, कारण तुला परीक्षेपलीकडचे काही हवे आहे. तसे नसते तर मार्क मिळाल्यावर तू मला पत्र लिहिले नसतेस.

आता त्या पुस्तकात काय आहे ते पाहू, शेवट सोडून. तुझ्या नोट्समध्ये युद्धविरोध, वंशद्वेष, मानवतावाद असे मुद्दे असतील आणि ते चुकीचे नाहीत. पण पुस्तक उघडल्यावर वाचकाला भेटते ते युरोपातून हिंदुस्थानकडे येणारे एक जहाज. जर्मनीतून हाकलून दिलेली ज्यू माणसे त्यावर आहेत, आणि मायदेशी परत निघालेला चक्रधर विध्वंस नावाचा मराठी तरुण आहे. प्रेमाच्या बाबतीत तो आधीच पोळलेला आणि कडवट झालेला आहे. त्या माणसांत हॅर्टा नावाची एक तरुणी आहे. दोघांजवळ प्रवासाचे मोजके दिवस आहेत. मुंबई आली की त्याला उतरायचे आहे, आणि तिला मागे परत जायला देश उरलेला नाही. ही प्रेमकथा आहे. जगाचा इतिहास तिच्यात शिरतो तो या दोघांना उरलेल्या दिवसांच्या वाटेने शिरतो, आणि म्हणूनच इतक्या वर्षांनंतरही तो अंगावर येतो. नोट्समध्ये इतिहास राहतो आणि ते दिवस गळून जातात. जहाज मुंबईच्या जवळ येत जाते तसतशी वाचणाऱ्याची जी घालमेल होते, ती कुठल्याच उत्तरपत्रिकेत लिहिता येत नाही, आणि शेवट ठाऊक असला तर ती कमी होत नाही, वाढते. हे माझ्या सांगण्यावरून मानू नकोस. शेवट तुला ठाऊकच आहे, तेव्हा ते खरे की खोटे हे पाहायला तुझ्याइतकी योग्य वाचक दुसरी मिळायची नाही.

आता सांग, ज्या बाईने जन्मभर प्रेमकथा वाचल्या, तिच्या हातात तू एका जहाजावरची, मोजक्या दिवसांची प्रेमकथा दिलीस आणि तिला सांगितलेस काय, तर ही पहिली आधुनिक कादंबरी मानली जाते! ‘मानली जाते’ म्हणजे कोणाकडून? आत्यांनी तुला त्या पुस्तकाचा दर्जा विचारला नव्हता. त्यांनी विचारले होते, तुला यातलं काय आवडलं. तुरीच्या शेंगा सोलताना तुम्ही दोघी एकमेकींना जे विचारत होता तेच त्यांनी विचारले. आपली भाची ज्या नव्या जगात गेली आहे तिथले काहीतरी तिने आपल्याला सांगावे, एवढीच त्यांची इच्छा होती. तुझ्याजवळ उत्तर नव्हते. आत्यांना ते त्याच क्षणी कळले असावे असा माझा अंदाज आहे, कारण इतकी वर्षे वाचणाऱ्या माणसाला, समोरच्याने पुस्तक वाचले आहे की नाही, हे ओळखायला फार वेळ लागत नाही. त्या तुझ्याशी पुस्तकांवर बोलत नाहीत याचे कारण तू त्यांना दुखावलेस असे तू धरून चालली आहेस. मला वाटते, बोलायला समोर वाचणारे माणूस उरलेले नाही, हे त्यांना कळले आहे.

गोष्टीत रमणे आणि साहित्याचा अभ्यास करणे यांच्यात जी भिंत तू बांधली आहेस, ती मराठी कादंबरीच्या इतिहासात मला कुठे दिसत नाही. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ आज अभ्यासाची कादंबरी आहे. ती १८९० पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने येत होती, आणि यमूचे पुढे काय झाले हे कळण्यासाठी लोकांना पुढच्या अंकाची वाट पाहावी लागत होती. आणि तुझ्याच शहरातले उदाहरण देते. कुसुमावती देशपांडे नागपुरात इंग्रजी वाङ्मय शिकवीत होत्या, १९६१ साली ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या, आणि तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. मराठी कादंबरीच्या पहिल्या शंभर वर्षांचा आढावा त्यांनी घेतला. शंभर वर्षांच्या कादंबऱ्यांचा आढावा घ्यायचा तर त्यांतल्या फसलेल्या, पाल्हाळिक आणि भाबड्या कादंबऱ्याही वाचाव्या लागतात, आणि चांगली कोणती हे त्यांच्यामधून चालत जाऊनच ठरवावे लागते. वाङ्मयाचा अभ्यास म्हणतात तो याला. त्यांचे हे काम कॉलेजच्या ग्रंथालयात मिळाले तर अवश्य पाहा, पण ‘रणांगण’ संपल्यावर. आधी पाहिलेस तर त्यातूनही तू नोट्सच काढशील.

आत्यांची आवड कशी बदलावी, या तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही. त्यांनी चार पानेही न वाचता पुस्तक परत ठेवले, हे मला आवडले नाही. त्यांनी पत्र लिहिले असते तर मी त्यांना तसे सांगितलेही असते. पण पत्र तुझे आहे. ज्याची स्वतःची आवड अजून तयार व्हायची आहे त्याने दुसऱ्याच्या आवडीच्या भानगडीत पडू नये.

तुला करायचे आहे ते एकच. येत्या रविवारी ‘रणांगण’ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाच. सोडली होतीस तिथून सुरुवात करू नकोस. नोट्स कपाटात ठेव, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव आणि हातात पेन्सिल घेऊ नकोस, कारण हातात पेन्सिल आली की तू परीक्षेला उपयोगी पडतील अशी वाक्ये शोधू लागशील आणि हॅर्टा काय बोलते आहे ते तुला ऐकू येणार नाही. जिथे कंटाळा येईल तिथे तो येऊ दे. निवेदनपद्धती कोणती, हा विचार मनात आला तर तो येऊन जाईल, त्याच्या मागे धावू नकोस. पूर्वी दुपारी जशी वाचत होतीस, मध्येच उठून पाणी प्यायचेही भान नसायचे तशी, निदान सुरुवात तरी तशी कर. बुडशील की नाही याची हमी मी देत नाही. न बुडालीस तर तेही तुझे स्वतःचे होईल, आणि थोर मानल्या गेलेल्या पुस्तकाविषयी तुझ्याजवळ असलेले ते पहिले प्रामाणिक मत असेल.

आणि वाचून झाल्यावर आत्यांकडे जा. तेव्हा मी ती पुरती वाचलेली नव्हती, असे आधी सांग, म्हणजे त्यांना जे ठाऊकच आहे ते तुझ्या तोंडून ऐकायला मिळेल. मग त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दे. आधुनिक, मानवतावादी, प्रयोगशील यांतला एकही शब्द न वापरता, तुला त्यातले काय आवडले किंवा काय आवडले नाही ते सांग. जहाजावरचा एखादा प्रसंग असेल, कोणाचे एखादे बोलणे असेल. कदाचित त्या विचारतील, ‘मग त्या दोघांचं लग्न झालं का?’ हा प्रश्न ऐकून तुला पूर्वीसारखे संकोचल्यासारखे झाले तर लक्षात घे, बेडेकरांना आपल्या वाचकाने नेमके हेच विचारत विचारत पुढे जायला हवे होते. आणि शेवट सांगू नकोस. पुस्तक त्यांच्याजवळ ठेव आणि उठ.

कॉलेजच्या ग्रंथालयाची प्रत तू परत केली असशील, तर शासकीय विभागीय ग्रंथालयात विचार, बर्डीवरच्या पुस्तकांच्या दुकानांत विचार; आणि खरे तर सगळ्यांत आधी आत्यांच्याच वाचनालयात विचार, कारण ज्या वाचनालयाला तू फक्त त्यांच्या कादंबऱ्यांचे समजतेस, तिथल्या कपाटात ‘रणांगण’ असण्याचा बराच संभव आहे. कुठेच मिळाली नाही, तर या स्तंभाच्या पत्त्यावर कळव. माझी प्रत मी तुला पाठवते.